मयताच्या कागदावरचं नाव

मिकेलिना: खुर्च्या पुसणं पुरे कर आता.

नुन्झिया: धूळ बसलीय, आई.

मिकेलिना: ज्या खुर्चीवर सकाळपासून कुणी टेकलं नाही तिच्यावर धूळ कुठून बसणार? बस तू. निदान एक तरी भरलेली दिसेल.

नुन्झिया: तीन वाजत आले. चारला चर्चसाठी निघायचंय. ते शहरातले पेटी उचलणारे वेशीपाशी गाडीत झोपलेत. खांदा द्यायला आपलं माणूस एक नाही.

मिकेलिना: झोपू देत. त्यांचा कोण मेलाय? ते सोड. सकाळपासून या घरात एक भांडं आलं का, ते सांग मला. वाटीभर रस्सा? कॉफीची किटली?

नुन्झिया: नाही आलं.

मिकेलिना: मयताच्या घरी चूल पेटत नाही हे या गावच्या मांजरांनाही ठाऊक आहे. या गल्लीत आजवर जो जो गेला, त्याच्या घरी पहिलं भांडं माझं पोचलं. समोरच्या आसुन्ताचा नवरा गेला तेव्हा मी अंड्यावरची कोंबडी कापली. अंड्यावरची. आज तिच्या खिडकीची फळीसुद्धा हलली नाही.

नुन्झिया: दुपारचे झोपले असतील सगळे. मी जरा कॉफी करू? कालपासून तुझ्या पोटात काही नाही.

मिकेलिना: त्या चुलीला हात लावलास तर बघ. भाऊ आतल्या खोलीत पेटीत पडलाय, आणि मी आपल्या हातानं कॉफी करून पिऊ? लोकांना तेवढंच हवंय. म्हणतील, बघा, मिकेलिनाकडं कुणी फिरकलं नाही म्हणून तिनंच चूल पेटवली.

नुन्झिया: आई, लोकांना कळलं तरी असेल का?

मिकेलिना: भिंतीभिंतीवर मयताचा कागद लागलाय. सकाळी घंटा वाजली. आणखी कसं कळवायचं, तोफ उडवून? कळलंय गं सगळ्यांना. तो हिंडत होता तोवर हसायला बरा होता. मेलेल्या माणसाला हसता येत नाही, मग येऊन करतील काय?

नुन्झिया: पण तू तोंडानं कुणाला सांगितलंस? एका तरी माणसाला?

मिकेलिना: मी दारोदार जाऊ? माझ्या भावाच्या मयताला या हो, म्हणून हात पसरू? मी या गावाकडं आजवर चिमूटभर मीठ मागितलं नाही. नवरा गेला तेव्हा नाही, तू तुरिनला निघून गेलीस तेव्हा नाही. आता माणसं मागू?

साविनो: मिकेलिनामावशी. ओ मावशी. आहात का वर?

मिकेलिना: कोण केकाटतंय झोपेच्या वेळी?

नुन्झिया: साविनो आहे. बटाटेवाला. खाली जिन्याशी उभा आहे.

साविनो: मावशी, रागावू नका. हात जोडतो. आजच्या दिवस सोडा त्याला.

मिकेलिना: कुणाला सोडा म्हणतोय हा?

साविनो: तुमच्या भावाला, आणि कुणाला? चार वाजता मयत आहे गावात. तो पुढं चालल्याशिवाय या गावातली पेटी कधी चर्चला पोचलीय का? कोंडून ठेवला असेल तर तासाभरासाठी सोडा. मी माझ्या तीनचाकीतून नेतो आणि दाराशी आणून सोडतो. उन्हातसुद्धा उभा करणार नाही, शपथ.

मिकेलिना: वर ये.

साविनो: बादली ओतणार नाही ना? मागच्या वेळी ओतलीत ती भांडी धुतलेल्या पाण्याची होती.

मिकेलिना: वर ये म्हटलं ना.

साविनो: आलो, आलो. हे बघा, मला तुमच्या घरात नाक खुपसायचं नाही. पण आठवडा झाला, तो चौकात नाही, बाकावर नाही, न्हाव्याकडं नाही. लोक म्हणाले, बहिणीनं पुन्हा... या खुर्च्या कसल्या मांडल्यात? अगं, नुन्झिया? तू कधी आलीस तुरिनहून? आणि हे काळं का घातलंयस?

नुन्झिया: साविनो, भिंतीवरचा कागद वाचलास ना?

साविनो: न्हाव्यानं वाचून दाखवला. रोक्को सांतोरो, म्हणाला. त्याच मयतासाठी तर आलोय.

नुन्झिया: रोक्को सांतोरो म्हणजे रोक्कोमामा.

साविनो: कुणाचा मामा?

नुन्झिया: माझा मामा. आत आहे. जा, बघून घे.

साविनो: नाही.

नुन्झिया: काल पहाटे गेला, शहरातल्या इस्पितळात. हृदय थांबलं. पाच दिवस तिथंच होता. आईनं अंधारात गाडी बोलावून नेला आणि रात्रीच पेटीत परत आणला, कुणी पाहिलं नाही.

साविनो: नाही, नाही. थांब जरा. हा... मावशी, हा तर खुळा आहे.

मिकेलिना: जीभ आवर. त्याच्या पेटीसमोर ते नाव घेऊ नकोस.

साविनो: खुळा मेला? आमचा खुळा मेला, आणि मी सकाळपासून बटाटे विकतोय?

नुन्झिया: बस साविनो. खुर्ची घे. पांढराफटक पडलायस.

साविनो: मी त्या कागदावरून तीन वेळा गेलो गं. तिसऱ्या वेळी हसलोसुद्धा.

मिकेलिना: हसलास?

साविनो: मावशी, आम्हाला वाटलं काटेवाला रोक्को गेला.

मिकेलिना: कोण, तो धान्याच्या वखारीतला? जन्मभर खोटा काटा मारणारा?

साविनो: त्याचंही नाव रोक्को सांतोरोच की. महिनाभर तो मुलीकडं गेलाय, दिसला नाही कुणाला. कागदावर फोटो नाही, संताचं चित्र. खाली 'दुःखी कुटुंब' एवढंच. लोक म्हणाले, गेला एकदाचा. काही जण बारमध्ये... जाऊ दे.

मिकेलिना: बारमध्ये काय?

साविनो: जाऊ दे ना मावशी.

मिकेलिना: बारमध्ये काय झालं, साविनो?

साविनो: एकमेकांना पाजली. माझा पेलाही कुणीतरी भरला. त्या काट्यानं ज्याला नाडलं नाही असं घर आहे का गावात? ठरलंच होतं, त्याच्या मयताला एक खुळा सोडून चिटपाखरू जायचं नाही. खिडक्यासुद्धा लावून घ्यायच्या. तुमच्या आसुन्तानंच सगळ्यांना बजावलं.

मिकेलिना: आसुन्तानं. माझ्या कोंबडीचा रस्सा प्यायलेल्या आसुन्तानं.

साविनो: तिला काय ठाऊक, समोरच्या दारात पेटी आहे म्हणून?

मिकेलिना: माझ्या भावाच्या मरणावर गावानं पेले भरले.

साविनो: तुमच्या भावाच्या नाही हो. त्या काट्याच्या.

मिकेलिना: पेटीत काटेवाला आहे की माझा भाऊ? मग कुणाच्या मरणावर भरले?

नुन्झिया: आई, पाणी पी.

मिकेलिना: नको पाणी. मयताचा कागद मी छापून घेतला, देवानं दिलेलं नाव मी त्यावर घातलं, आणि या गावाला माणूस ओळखता आला नाही?

साविनो: तुमच्या भावाला रोक्को कोण म्हणायचं? मला तर आज कळलं त्याचं नाव रोक्को. गावच्या संताच्या नावाचा रोक्को इथं घरटी एक आहे, आणि सांतोरो अर्धं गाव. म्हणून तर सगळे मयताच्या कागदावर दुसरं नाव घालतात. माझ्या बापाच्या कागदावर होतं, 'लंगडा म्हणून परिचित'. गॅब्रिएले म्हणून छापलं असतं तर माझी आईसुद्धा रडली नसती.

नुन्झिया: छापखान्यातल्या माणसानं मला विचारलं होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या मी शहरातच छापून घेतला. तो म्हणाला, कंसात काही घालायचंय का? मी नाही म्हटलं.

मिकेलिना: तू नाही म्हणालीस कारण मी टेलिफोनवर सांगितलं होतं. इथल्या छापखान्यात दिलं असतं तर त्या मेल्यानं न विचारता ते नाव घातलं असतं, तेही मोठ्या अक्षरात. मी ठरवलं होतं, जिवंतपणी त्याच्या कपाळावरून ते पुसता आलं नाही, निदान भिंतीवर तरी नको.

नुन्झिया: आणि माझं काय चुकलं, साविनो? मलाही ते नाव नको होतं. तू सहज म्हणतोस, आमचा खुळा. त्या नावानं तुम्हाला चौकात गंमत मिळाली. मला काय मिळालं? शाळेत मी खुळ्याची भाची. औषधाच्या दुकानवाल्यांचा मुलगा मला मागणी घालणार होता, तर त्याची आई म्हणाली, खुळ्यांच्या घरची नको, पोरं तशीच निघतील. मी तुरिनला कारखान्यात काही हौसेनं गेले का?

साविनो: ते मला ठाऊक नव्हतं.

नुन्झिया: आणि तिथं काय? तिथं उत्तरेत मी खालची. दक्षिणेची, देशाच्या तळातली. खोली बघायला गेले की दारावर पाटी, खालच्यांना देत नाही. माझ्या शेजारच्या यंत्रावरची बाई चांगली आहे, मला केक आणून देते आणि म्हणते, तू खालची असून किती स्वच्छ गं. प्रेमानं म्हणते हो. माझ्या घशातून तो केक उतरत नाही.

साविनो: मलाही तिरळा म्हणतातच की. लहानपणी रडायचो. आता गाडीवर रंगवूनच घेतलंय, तिरळ्याचे बटाटे. पण सैन्यात एका हवालदारानं हाक मारली, ए तिरळ्या, तर त्याचे दोन दात पाडले मी. का पाडले ते अजून मला सांगता येत नाही. शब्द तोच होता.

मिकेलिना: प्रवचन पुरे. फादर आहेत त्यासाठी. मघाशी जिन्यात तू काय म्हणालास?

साविनो: काय म्हणालो?

मिकेलिना: कोंडून ठेवला असेल तर सोडा. लोक म्हणाले, बहिणीनं पुन्हा. पुन्हा काय?

साविनो: मावशी, आज नको.

मिकेलिना: मग कधी, माझ्या मयताला?

साविनो: पुन्हा बूट लपवले असतील, असं म्हणाले लोक. तो दिसला नाही की गाव हेच म्हणतं. म्हणून तर कुणी विचारायला आलं नाही. त्याला घरात बसवलंय असंच वाटलं सगळ्यांना.

नुन्झिया: आई? बूट लपवायचीस तू?

मिकेलिना: काय करू मग? कुणाचंही मयत निघालं की हा पुढं. टोपी छातीशी धरून, लग्नातल्या बँडवाल्यासारखा. ओळखीचा असो, नसो. मागून पोरं त्याची नक्कल करायची. माझ्या आईच्या पोटचा तो, त्याचा तमाशा झालेला बघू? मी बूट पिठाच्या पेटीत ठेवायचे. अनवाणी काही जायचा नाही, तेवढी लाज होती त्याला.

साविनो: जायचा.

मिकेलिना: अनवाणी? तोंडाला येईल ते बोलू नकोस. रोज रात्री पाय मी धुवायचे त्याचे. तळवे स्वच्छ असायचे.

साविनो: कारण माझ्या गाडीत जोड होता.

मिकेलिना: कसला जोड?

साविनो: बुटांचा. बटाट्यांच्या पोत्यामागं. एकदा तो पिंपवाल्याच्या मयताला अनवाणी आला होता, भर उन्हात, दगड तापलेले. ओठ दाबून चर्चपर्यंत चालला. दुसऱ्या दिवशी न्हावी, मी आणि आसुन्ताच्या नवऱ्यानं मिळून एक जोड घेऊन ठेवला. तो कोपऱ्यावर यायचा, माझ्या गाडीत बसायचा, बूट घालायचा. मयत झालं की काढून ठेवायचा, फडक्यानं पुसून. आजही तेच घेऊन आलोय. खाली आहेत.

मिकेलिना: आसुन्ताच्या नवऱ्यानं?

साविनो: मग त्याच्या मयताला खुळा त्याच बुटांत पुढं चालला की. तुम्ही कोंबडी शिजवत होता तेव्हा.

मिकेलिना: म्हणजे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

साविनो: हो.

मिकेलिना: मला सोडून.

साविनो: तुम्हाला कोण सांगणार, मावशी? तुमच्याशी बोलायचं म्हणजे आधी छत्री उघडायची.

नुन्झिया: साविनो, एक विचारते. खरं सांग, पेटी समोर आहे. खुळा म्हटलेलं त्याला लागायचं का रे? मी लहानपणी किती वेळा विचारलं. तो नुसता माझ्या केसांत फुंकर मारायचा.

साविनो: मी विचारलं होतं एकदा. नवीन शाळामास्तर आले होते, त्यांनी चौकात पोरांना झापलं, कुणाला असं म्हणू नये. तर हा मास्तरांवरच चिडला. आठवडाभर त्यांच्याकडं पाठ करून बसायचा. मी म्हटलं, अरे, तो तुझ्या बाजूनं बोलत होता. तर म्हणाला, खुळा मी आहे. खुळा आला की लोक बाकावर सरकून जागा देतात.

नुन्झिया: असं म्हणाला?

साविनो: त्याच्या पद्धतीनं. दोन शब्द, मग आकाशाकडं बघणं, मग दोन शब्द.

मिकेलिना: त्याला काय कळत होतं? लेकरू होतं ते. बिचारा म्हणून तर मी...

साविनो: मावशी.

मिकेलिना: काय मावशी? उभ्या जन्मात मी त्याला त्या नावानं हाक मारली नाही. कुणी मारली तर बादली ओतली, चप्पल फेकली, दोघांशी कायमचं बोलणं टाकलं. माझ्या तोंडी एकच, माझा बिचारा. उठलास का माझ्या बिचाऱ्या, जेव माझ्या बिचाऱ्या. याच्याहून गोड आईनं तरी काय म्हटलं असतं?

साविनो: मी निघतो. चार वाजायच्या आत लोकांना सांगायला हवं.

मिकेलिना: बस खाली. 'मावशी' म्हणून मध्येच थांबलास. तुझ्या त्या वाकड्या डोळ्यात काहीतरी अडकलंय, बाहेर काढ.

साविनो: मला नाही सांगता येणार.

मिकेलिना: मला कधी रडलेली पाहिलीयस का? नाही ना? मग बोल.

साविनो: त्याच दिवशी मी त्याला विचारलं, मग तुला राग येतो तरी कशाचा? तर म्हणाला, बिचारा.

मिकेलिना: कोण बिचारा?

साविनो: तो शब्द. म्हणाला, बाहेर मी खुळा, घरात बिचारा. बिचारा म्हटलं की ती दार लावते. बिचारा म्हटलं की बूट जातात.

नुन्झिया: साविनो, बस.

साविनो: तिनंच विचारलं.

मिकेलिना: खोटं आहे.

साविनो: असेल मावशी. मी बटाटे विकतो, वजनात कधी मारतही असेन. पण हे त्याच्या तोंडचं आहे. आणि पुढं म्हणाला, तिला सांगू नको हं, तिला तो शब्द आवडतो.

नुन्झिया: आई. आई, इकडं बघ माझ्याकडं. बस इथं. बोल काहीतरी.

मिकेलिना: काल नाही का, पहाटे. इस्पितळात. नर्सनं विचारलं, आजोबांचं नाव काय. मी म्हटलं रोक्को. ती त्याच्या कानाशी वाकून हाका मारत होती, रोक्को, रोक्को. त्यानं डोळेसुद्धा फिरवले नाहीत. मग मी म्हटलं, सरक बाई, मी मारते हाक. आणि मी म्हटलं, बिचाऱ्या, ए माझ्या बिचाऱ्या.

नुन्झिया: मग?

मिकेलिना: त्यानं भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, उजेड लागत असेल डोळ्यांना.

नुन्झिया: आई, तसंच असेल. उजेडच लागत असेल.

मिकेलिना: मला लेकरासारखं समजावू नकोस. साविनो, किती वाजले?

साविनो: सव्वातीन होऊन गेले.

मिकेलिना: नवा कागद?

साविनो: छापखाना बंद. पाचपर्यंत गाव झोपलेलं असतं. पण माझ्या गाडीवर भोंगा आहे. वरपासून खालपर्यंत एक फेरी मारली तर सगळं गाव उठेल. शिव्या देत उठेल, पण उठेल.

मिकेलिना: काय सांगशील भोंग्यावरून?

साविनो: तेच विचारतोय. रोक्को सांतोरो म्हटलं तर कड्या आणखी घट्ट लावतील.

मिकेलिना: मिकेलिनाचा भाऊ गेला, असं सांग.

साविनो: मग येतील. तुम्हाला घाबरून येतील, तुमच्यासाठी येतील. त्याच्यासाठी कोण येणार?

नुन्झिया: मग ते नाव घेच तू. मला नाही ऐकवणार, मी आत जाऊन बसेन. पण घे.

साविनो: मी नाही घेणार. मावशींनी सांगितल्याशिवाय नाही. या दाराशी ते नाव घेऊन मी दोनदा भिजलोय. आणि आज तर पेटी आहे.

मिकेलिना: ते बूट वर आण.

साविनो: कशाला?

मिकेलिना: मी त्याला नवे घातलेत, चकचकीत. शहरातून आणलेले. बघ कसे दिसतात, दुसऱ्याच कुणाचे पाय असल्यासारखे. नुन्झिया, काढ ते त्याच्या पायांतून.

नुन्झिया: आई, आता? पाय ताठले असतील.

मिकेलिना: नसतील निघत तर ते जुने पायाशी ठेव. जवळ असले की पुरे. तो घालेल त्याचे तो. आजवर घालत होताच ना, मला न सांगता.

साविनो: आणतो. आणि फेरी?

मिकेलिना: तुझ्या गाडीत माणूस बसतं का शेजारी?

साविनो: तो बसायचा. बटाट्याचं एक पोतं मांडीवर घ्यावं लागतं.

मिकेलिना: माझी काळी शाल दे, नुन्झिया. आणि अशी बघू नकोस. मयताच्या घरातली बाई पेटीआधी उंबरा ओलांडत नाही, ठाऊक आहे मला. तुझ्या जन्माआधीपासून ठाऊक आहे.

नुन्झिया: मग लोक काय म्हणतील?

मिकेलिना: म्हणतील, मिकेलिनाला खूळ लागलं. म्हणू देत. आमच्या घरात ते पहिल्यांदा नाही.

(वरच्या चौकात, तीनचाकीत.)

साविनो: हे बटण दाबायचं आणि इथं बोलायचं. फार जवळ नाही धरायचं, शिट्टी वाजते.

मिकेलिना: असं?

साविनो: असं. बोला आता.

मिकेलिना: काय बोलू?

साविनो: मी सुरुवातीला म्हणतो, ताजे बटाटे.

मिकेलिना: ऐका. बटाटे नाहीत. झोपलेले उठा, जागे असाल तर खिडक्या उघडा. मी मिकेलिना बोलतेय, जुन्या वेशीजवळची. भिंतीवर जो कागद लागलाय तो काटेवाल्याचा नाही. काटेवाला जिवंत आहे, त्याची काळजी करू नका.

साविनो: पुढं बोला, मावशी. बटण सोडू नका.

मिकेलिना: दाबलंय, दाबलंय. ऐका. कागदावरचं नाव मी घातलं, ते कुणाला ओळखता आलं नाही, ती चूक तुमची नाही. माझा भाऊ गेला. चार वाजता उचलायचाय. माझा भाऊ, खुळा. मी खुळ्याची बहीण बोलतेय.

साविनो: ती बघा. आसुन्ताची बहीण, वरच्या खिडकीत.

खिडकीतली बाई: काय म्हणालीस, मिकेलिना? खुळा? आपला खुळा गेला?

मिकेलिना: हो. आपला.

खिडकीतली बाई: अरे देवा. मग पुढं कोण चालणार?

मिकेलिना: तेच विचारायला आलेय गं मी. खाली ये.